बसव्वाचं तोंड आन् माजं

त्या दिशी पाळणाघरात कोण कोण हुतं ते आदी सांगून टाकती. डाक्टरीणबाई हुत्या. आमच्या रीळ खात्यातल्या बायकांवरची मुकादमीण रखमाबाई हुती. माज्या शेजारच्या रिळावर काम करणारी कौसा हुती. गेटवरचा शिपाई दारात उबा हुता. पोरं सांबाळणारी बसव्वा हुती. झोळीत माजी तानी हुती, नुकतं दात येत हुतं तिला. आन् मी हुते, अनसा. बाकीच्या बायका दाराबाहेर गर्दी करून हुत्या, पण त्या आत आल्या न्हायत.

ह्यातलं मी आन् तानी सोडून आता कुणी राहिलं असंल असं वाटत न्हाय. तानीला तर तवा काय कळत न्हवतं. म्हंजे ठावं असणारी मी एकटीच उरले. आन् ते मी कुणाला सांगितलं न्हाय. मालकाला न्हाय सांगितलं — त्यांना जाऊन लई वर्सं झाली. देवाला बी न्हाय सांगितलं, कशाला खोटं बोलू. देवाम्होरं उबी राहिले की मी दुसरंच कायबाय बोलायची. देवाला ठावंच असंल, मग सांगाय कशाला पायजे — असं मनाला समजावायची.

मला शाळा न्हाय. दुसरीतनं काडली. बोलती तसंच लिहिती. जोडाक्षर चुकलं तर समजून घ्या.

कुटनं सुरू करू? एकदम सांगाय गेलं की हात थांबतोय. गिरणीपासनं सांगती.

आमी मूळचं मोडनिंबाकडचं. रान हुतं पण रानात काय न्हवतं. लगीन झालं आन् मालक मला घिऊन सोलापुरात आलं, गिरणीत मागावर लागलं. बरं चाललं हुतं. मग त्यांचा उजवा हात पट्ट्यात गेला. हात राहिला, बोटं कामातनं गेली. तवा तानी माज्या पोटात हुती. मालक घरी बसलं आन् मी रीळ खात्यात जाया लागले. बाळंत झाले, अंगात बळ आलं न आलं की परत गेले. त्यात काय विशेष न्हाय. समद्याच जात हुत्या.

पोरं कुटं ठेवायची? बुट्टीत घालून रिळाखाली. वरनं कापसाची बारीक लव उडत असायची, ती पोराच्या डोळ्यात, नाकात, तोंडात. आन् पोरानं रडू नये म्हणून अफू. ही काय तवा लपवायची गोष्ट न्हवती. माज्या सासूनंच मला शिकवलं — मोहरीपेक्षा कमी घ्यायची, दुदाच्या थेंबात कालवायची, करंगळीच्या नखावर घिऊन पोराच्या तोंडात, वर टाळूला लावायची. त्यासाटनं करंगळीचं नख वाडवायचं. खात्यातल्या निम्म्या बायकांचं ते एक नख लांब असायचं. नखावरनंच कळायचं की हिच्या घरी तान्हं हाय.

मग गिरणीनं पाळणाघर काडलं. एक मोठी खोली, आड्याला झोळ्या टांगलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. डाक्टरीणबाई यायच्या, पोरं बगायच्या. बाई चांगल्या हुत्या, कडक हुत्या. त्यांनी पयल्याच दिशी सांगितलं, अफू घातलेलं पोर हितं घ्यायचं न्हाय. आन् दारात उब्या राहून आयांची नखं बगायच्या. करंगळीचं नख वाडलेलं दिसलं की पोरासकट माघारी.

मग काय, समद्यांनी नखं कापली. किती जणींनी अफू सोडली ते मला ठावं न्हाय. मी सोडली न्हाय. मी नख कापलं आन् झाडूची काडी घेतली.

हे लिहिताना बी मला वाटतंय की म्होरं एक ओळ लिहावी — काय करणार, मालक दुकणाऱ्या हातानं तळमळत असायचं, पोर रडली की भिताडावर डोकं आपटायचं. खरं हाय ते. पण ते घरातलं झालं. फुडचं जे मी केलं ते मालकानं न्हाय केलं.

आता माज्या तोंडाचं सांगाय पायजे. तुमाला वाटंल म्हातारी आपलं रूप सांगाय बसली. रूप न्हवतंच. पण तोंड असं हुतं की बगणाऱ्याला वाटावं, ही काय कुणाच्या वाकड्यात जाणार. गोल, गोरटेलं, डोळं खाली. कपाळावर कुंकू ठसठशीत, पदर डोक्यावरनं कदी ढळला न्हाय. मंगळवारच्या बाजारात वळख न्हाय पाळख न्हाय असली बाई आपलं गटुळं माज्यापाशी ठिऊन पाणी प्याय जायाची. एवड्या बायका बसल्याल्या असायच्या, पण माज्यापाशीच ठेवायची. मी कुणाचं काय घेतलं न्हाय कदी. पण ते तिला कसं कळलं हुतं? तिनं तोंड बगितलं हुतं, बास.

एकदा डाक्टरीणबाईंनी माजा हात धरून समद्यांना दावला. "बघा, ह्या अनसाबाईचे हात कसे स्वच्छ आहेत. आई अशी असली की मूल निरोगी राहतं." बायका बघाय लागल्या. मी खाली बगितलं. आन् त्या दिशी पहाटंच काडीनं तानीच्या टाळूला अफू लावून आलते. बाईंना वाटलं मी लाजले.

बसव्वाला मी पयल्यांदा बगितली ती पाळणाघराच्या दारात. उंच, हाडापेरानं रुंद. तोंडावर देवीचं वण असं की बोट ठेवाय जागा न्हाय. एक डोळा पांढरा झालेला, त्यातनं दिसत न्हवतं. दुसरा अर्दा मिटल्यागत, कायम झोपंत असल्यावाणी. आवाज गड्याचा. अक्कलकोटाच्या पलीकडली, कानडी. मराठी बोलायची ती अडखळत, एकेक शब्द हाताला लागंल तसा उचलून ठेवल्यावाणी. नवऱ्यानं टाकलेली म्हणायचे. पोटचं काय न्हवतं.

कौसा माज्या कानाशी लागली. "डाक्टरीणबाईला आख्ख्या सोलापुरात दुसरी घावली न्हाय व्हय गं? हिला बगून पोरं भितीलच, आपलं बी दूद आटंल."

मागच्या बायका हसल्या. मी बी हसले. बसव्वानं ऐकलं का? ऐकलंच असंल, दारातच तर बसली हुती. मी तानीला घिऊन माघारी फिरले, तर रखमाबाई म्हणाली, "रिळाखाली पोर दिसलं तर उद्यापासनं घरीच बस, अनसा. साळकायांची गिरणी न्हाय ही."

मग ठेवली. ठेवताना तानीचं तोंड मी पदरानं झाकलं, तिला ती बाई दिसू नये म्हणून. बसव्वानं पदर बाजूला केला आन् तिला उचलली. मला वाटलं आता पोरगी किंचाळंल. किंचाळली न्हाय. त्या बाईचं बोट धरून बसली. तेवड्या पोराला तोंड कुटं कळतंय? हात कळतोय.

दिस गेले. मी दुपारच्या सुट्टीत दूद पाजाय जायाची, तवा बगायची. एकदा बगितलं तर बसव्वाचं करंगळीचं नख हे एवडं लांब. मनात आलं, आमाला नखं कापाय लावली आन् हिचं बरं चालतंय. तेवड्यात तिनं एका पोराला मांडीवर आडवं घेतलं. आमी आया लवीनं भरलेल्या अंगानं पाजाय बसायचो, ती लव पोरांच्या नाकात जायाची. मग पोराला दूद बी ओडता यायचं न्हाय अन् श्वास बी घेता यायचा न्हाय. बसव्वा नखाच्या कडंनं ती लव असल्या हलक्या हातानं काडायची की पोर शिंकायचं आन् मोकळं व्हायचं. माज्या तानीचं नाक तिनं कितीदा काडलं. माज्या डोळ्यांम्होरं काडलं. नख कशापायी हाय ते मला ठावं हुतं. हे तुमी ध्यानात ठेवा, कारण फुडं मला ते ठावं न्हवतं असं मी दावलं.

ती मला तंगी म्हणायची. कानडीत तंगी म्हंजे धाकटी बहीण.

एक दिस पाजून निघाले तर तिनं हाताला धरून थांबवलं. आवाज बारीक केला, तिला जमंल तेवडा.

"तंगी, तू घालती."

"काय घालती?"

"कूसच्या तोंडाला वास येतंय. मला कळतंय." कूस म्हंजे लेकरू. "बेडा गं. नगं घालू. माज्याकडं हाय की ती. रडू दे. रडलं तर मी घिऊन फिरतो."

मी म्हणाले, न्हाय घालत. कायतरीच काय.

ती माज्याकडं बगत राहिली. त्या अर्द्या मिटलेल्या डोळ्यानं. मग म्हणाली, "मी बाईला सांगत न्हाय. सांगितलं तर पोर भाईर काडतील, मग तू रिळाखाली घालशील. तू बंद कर."

सांगितलं न्हाय तिनं. खरंच सांगितलं न्हाय. तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का? असलं इचार करून काय हुतंय आता.

मी बंद करून बगितली. तानी रात रात ताठ व्हायची, अंग थरथरायचं, दूद ओकायची. मालक म्हणायचं, हिचा गळा तरी दाब न्हायतर माजा. मी परत सुरू केली. बसव्वाला वास आला असंलच. ती काय बोलली न्हाय, पण पोर हातात देताना माज्या तोंडाकडं बगायची. मला तिचा राग याया लागला. बगा, किती वंगाळ — माजं झाकून ठेवणारीचा मला राग येत हुता.

त्या दिशी तानीला दातांचा ताप हुता. पहाटं काडीनं लावली तरी कण्हत हुती. भोंगा व्हायची येळ झालेली. डाक्टरीणबाईंचा पोरं तोलायचा दिस हुता. रडणारं, ताप असलेलं पोर बाईंनी घरी धाडलं की त्या दिवसाचा खाडा. म्हणून निघताना मी आणखी एकदा लावली. किती लावली? ते मला आज बी सांगता येत न्हाय. अंधार हुता, घाई हुती, काडीच्या टोकाला किती चिकटली ते बगितलं न्हाय. तोंडात घातली. पोरगी शांत झाली. मला बरं वाटलं.

दुपारी सुट्टी व्हायच्या आदीच रखमाबाई पळत आली. "अनसा, चल. तुजी पोरगी उठंना."

मी गेले तर डाक्टरीणबाई तानीला मांडीवर घिऊन तळपायाला चापट्या मारत हुत्या. व्हट निळं पडलेलं. श्वास असा — एक यायचा, मग किती येळ यायचाच न्हाय, मग एक यायचा. बसव्वा शेजारी गुडघ्यावर बसून वलं फडकं तिच्या तोंडावर फिरवत हुती आन् कानडीत कायतरी पुटपुटत हुती. बाईंनी तानीची पापणी वर केली. डोळ्यातली भावली सुईच्या टोकाएवडी झालेली.

बाई म्हणाल्या, "अफू आहे ही. कोणी दिली?"

मग माज्याकडं बगून म्हणाल्या, "अनसाबाई, तू दिलीस?"

बगा, बाईंनी मला इचारलं. आदी मलाच इचारलं. दार उगडंच हुतं की. व्हय म्हणाले असते तर काय झालं असतं? पोर पाळणाघरातनं काडली असती. काम गेलं असतं, न्हायतर न्हाय बी गेलं. बाई रागावल्या असत्या. चार बायका बोलल्या असत्या. त्यात जीव गेला नसता कुणाचा.

मी म्हणाले, "न्हाय."

हळू म्हणाले. रडत हुते, ते काय खोटं रडू न्हवतं. पोरगी मरत हुती माजी. पण त्या रडण्यानं माजं न्हाय आणखीन खरं दिसलं.

कौसा म्हणाली, "ती कशाला घालंल बाई? हिला तोंडातनं शब्द काडाय येत न्हाय. गरीब गाय हाय ती."

आन् रखमाबाईनं बसव्वाचा हात मनगटाला धरून वर केला. "हे बगा. हे नख बगा हिचं. आमाला कापाय लावली आन् ही बया बसली हितं नख वाडवून. दिसभर पोरं निजल्याली का असत्यात ते कळलं आता. आन् हिचा तो डोळा — ही सोताच खात असंल."

दाराबाहेरच्या बायका एकदम बोलाय लागल्या. "मला तवापासनंच वाटत हुतं." "तोंडच सांगतंय की." "माजं बी पोर त्या दिशी लई निजलं हुतं." कितीतरी जणी बोलल्या. ज्यांनी सोताच्या हातानं पहाटं अफू लावली असंल त्या बी बोलल्या असत्याल. कुणाला पुरावा लागला न्हाय. तोंड हुतंच की पुराव्याला.

नख कशापायी हाय ते तितं कुणाकुणाला ठावं हुतं. मला तर पक्कं ठावं हुतं. मी काय बोलले न्हाय.

बसव्वा उटली. म्हणाली, "मी न्हाय घातलं. तंगीला इचारा. ती घालती."

समद्यांनी माज्याकडं बगितलं. तिच्याकडं बगितलं. परत माज्याकडं. तेवड्यात झालं ते. तिचं ते तोंड आन् माजं हे तोंड, दोन्ही शेजारी शेजारी. डाक्टरीणबाई शिकलेल्या, त्यांनी बी तेच केलं.

तरी मी भ्याले. मला वाटलं, बाई आता परत इचारतील, नीट इचारतील. म्हणून मी म्होरं झाले आन् तानीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या टाळूवर. गरम हुती. आन् म्हणाले, "हिच्या डोक्यावर हात ठिऊन सांगती, मी कदी अफूला हात लावला न्हाय."

हेच ते. हे मी कुणाला सांगितलं न्हवतं. पोरगी मरणाच्या दारात आन् मी तिच्याच डोक्यावर हात ठिऊन खोटी शपथ घेतली.

बसव्वा धावली. माजा हात धरला आन् तानीच्या डोक्यावरनं हिसकून काडला. "हात काड," म्हणाली. "पोराच्या डोक्यावर नगं. नगं गं तंगी."

तिला सोताचं काय न्हवतं तवा. तिला भ्या वाटलं की खोटी शपथ पोराला लागंल. मला ते त्याच क्षणी कळलं. पण बगणाऱ्यांना काय दिसलं? ती काळीबेंद्री बाई मरणाऱ्या पोराच्या आईवर धावून गेली, एवडंच दिसलं. बायका ओरडल्या. शिपाई आत आला आन् त्यानं तिला मागनं धरलं. रखमाबाईनं तिच्या तोंडात मारली.

डाक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला बाहेर काढा. परत ह्या दारात दिसता कामा नये."

ती जाताना कायतरी मागत हुती. तिचं गटुळं आतच राहिलं हुतं, कोपऱ्यात. शिपायानं ते मागनं फेकलं. मी बगितलं न्हाय, मला ऐकू आलं. मी तानीला घिऊन बसले हुते आन् कौसा माज्या पाठीवरनं हात फिरवत हुती.

तानी वाचली. बाईंनी तिला निजू दिलं न्हाय, काळी कॉफी चमच्यानं पाजत राहिल्या, कडंवर घिऊन फिरत राहिल्या. सांजच्याला तिनं डोळं उगडलं आन् रडली. मी त्या दिवसापासनं अफू सोडली. लई त्रास झाला, पण सोडली. ह्यात माजं चांगलं काय न्हाय. मी भिऊन सोडली.

पाळणाघरात दुसरी बाई आली. गोरी, नाकीडोळी नीट, गोड बोलायची, आयांना अक्का अक्का म्हणायची. पोरं मुतात पडून असायची. नाकं चोंदलेली असायची. कुणी काय बोललं न्हाय. मी बी न्हाय. सुट्टीत मीच सोता तानीचं नाक काडाय बगायची, पण मला ते जमायचं न्हाय. मग मला वाटायचं नख वाडवावं. पण नख आता कोण वाडवणार?

बसव्वाला परत कुणी पोर सांबाळाय दिलं न्हाय. समद्या गिरणीगावात झालं हुतं, पांढऱ्या डोळ्याची, पोरांना अफू घालती. धुण्याभांड्याला बी कुणी उबी केली न्हाय. कौसा सांगायची, आज अमक्या गल्लीतनं हाकलली, आज तमक्या. हसून सांगायची. कौसाला काय ठावं हुतं? तिच्या मतानं मी जिकले हुते.

आणखी एक हाय. ते पयल्यापेक्षा वंगाळ हाय म्हणून मागं ठेवलं हुतं.

तानी पळाय लागली तवाची गोष्ट. मी आन् तानी नणंदंकडं निघालो हुतो. होटगीला गाडी बदलायची हुती. फलाटाच्या टोकाला झाडाखाली बसलो. रुळाच्या कडंला एक बाई विंजिनातनं पडलेलं कोळशाचं तुकडं येचत हुती. पाठमोरी हुती तरी मी वळखली. एवडी उंच बाई दुसरी न्हवती. वाळली हुती. केस समदं गेलं हुतं.

तिनं वळून बगितलं. मला बगितलं, मग तानीला. उबी राहिली. तानीला वरनं खालपतूर बगितलं, पायापतूर बगितलं. पोरगी नीट चालती का, ते बगत असावी. अफूनं पोरं अदू व्हायची कदी कदी. तिनं हात असा केला, जरा चालीव म्हणून.

तानी माज्या लुगड्यात शिरली. "आई, ती बाई. तिचा डोळा."

आजूबाजूला कुणी न्हवतं. मुकादमीण न्हवती, डाक्टरीणबाई न्हवत्या, कौसा न्हवती. गाडीला येळ हुता. जाऊन एवडंच म्हणायचं हुतं की बसव्वाक्का, मी खोटं बोलले. तितं माजं काय जाणार हुतं? काम न्हाय, अब्रू न्हाय, काय न्हाय. तितं तर झाकायचं कारणच न्हवतं.

मी तानीचे डोळे पदरानं झाकले आन् तोंड फिरवलं.

पयल्या बारीला मी भिऊन केलं. ह्या बारीला कशानं केलं? मी लई इचार केला. मला वाटतं, तवर मला बी ते खरंच वाटाय लागलं हुतं. समद्यांच्या तोंडून ऐकून ऐकून. तिच्याकडं बगितलं की वाटायचं, हीच असंल. माजं मला ठावं असून. म्हंजे बगा.

थोड्या येळानं फिरून बगितलं तर ती कोळसा येचत लांब गेली हुती. परत मला ती दिसली न्हाय.

ती गेली, पण गोष्ट राहिली. मी सासूला सांगितलं हुतं, सासूनं भावकीत सांगितलं. मालक रंगवून सांगायचं. तानी ती गोष्ट ऐकत वाडली आन् मग तिनं तिच्या लेकरांना सांगितली. गोष्टीत त्या बाईचं नख कोयत्याएवडं झालं. डोळ्यातनं धूर निगाय लागला. पोरं जेवंना झाली की तानी म्हणायची, बसव्वा येईल हां. आन् पोरं माज्या मांडीत शिरायची. माज्या मांडीत. मी त्यांना थोपटायची.

मागल्या महिन्यात तानीच्या घरी भांड्याला एक बाई इचारत आली. एका बाजूनं तोंड भाजलेली, स्टोव्ह भडकलेला म्हणाली. हात कामाचं दिसत हुतं. तानीनं दारातनंच न्हाय म्हणून लावली. आन् दार लावून सुनंला सांगाय लागली, "असल्या तोंडाची माणसं घरात घेऊ नये. मी अनुभवलंय. तान्ही हुते तवा असल्याच एकीनं मला मारली असती. आईला इचार."

सून माज्याकडं बगाय लागली. मी मेथी निवडत हुते. मी व्हय म्हणून मान हलवली. ह्या वयात, गवऱ्या मसणात गेल्यात, तरी मान हलवली. ती बाई जिन्यात चपला घालत हुती, तिला आवाज गेला असंल.

म्हणून लिहाय बसले. तोंडानं सांगणं मला जमत न्हाय. समद्यांना मी अजून बी साळसूदच दिसती, पोरं म्हणत्यात आज्जी किती शांत हाय. मला माफी नगं. माफ करणारी हाय कुटं?

हे ज्याच्या हाताला लागंल त्याला एवडंच सांगणं हाय. आमच्या घरात ती गोष्ट फुडं बी कुणीतरी सांगंलच. तवा त्यातनं बसव्वाचं नाव काडा आन् माजं घाला. आन् पोरांनी इचारलं की ती अफू घालणारी बाई दिसायची कशी, तर सांगा — तुमच्या आज्जीसारखी दिसायची.